उबेला ठेवलेली शिशी

ही गोष्ट माझ्या मायला माहीत नाही. ज्या मॅडममुळे आमच्या घरावर पत्रे चढले, त्यांनाही नाही. सांगायला बसले की आधी दुसरंच काहीतरी आठवतं — फुलं, थंडी, कोणाचे तरी लोकरीचे मोजे — आणि मी त्याच वाटेनं चालत राहते. आजही तसंच होईल बहुतेक. तुम्ही जरा धीर धरा. मी फिरून फिरून का होईना, तिथे येईन.

मी मूळची राळेगावकडची. एस.टी. फाट्यावर सोडते, तिथून गाव पायी. आता राहते हिमाचलात, डोंगराच्या उतारावरच्या एका बागेत. या बागेत नासपतीच्या नव्या जाती तयार करतात. गावात हे सांगितलं की लोक हसतात. "नासपती काय तयार करायची? झाडाले लागते ना ते." मलाही आधी तसंच वाटायचं.

शाळा सातवीनंतर सुटली. कोणी सोडवली नाही, आपोआप सुटली. त्या वर्षांत आमच्याकडे कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. शेत आमचं नव्हतंच. माय आणि बाबा दुसऱ्याच्या शेतात जायचे, आणि शेतवाल्याच्याच हाती काही लागलं नाही तर तो मजुराला कशाला बोलावेल? विहारासमोरच्या ओट्यावर मोठी माणसं अळीबद्दल, भावाबद्दल बोलायची आणि बोलता बोलता गप्प व्हायची. शेजारच्या गावातून कोणाची तरी बातमी आलेली असायची. आम्ही पोरी ती बातमी विचारत नसू. चेहऱ्यावरून कळायची.

पण एक काम होतं जे पोरींनाच मिळायचं. क्रॉसिंगचं. सरकीचं संकरित बियाणं काढायचे प्लॉट असत. तिथे संध्याकाळी कपाशीची उद्या उमलणारी कळी धरायची, अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या आणि आतला नराचा भाग अलगद खुडून टाकायचा, मधला कोवळा दांडा तेवढा ठेवायचा. सकाळी दुसऱ्या ओळीतलं नराचं फूल आणून त्या दांड्यावर घासायचं आणि खूण म्हणून देठाला लाल दोरा बांधायचा. मोठ्यांची बोटं जाड, त्यांच्या हातून दांडा मोडतो. माझ्या हातून मोडत नसे.

आता हे सांगते कारण पुढे लागेल. ऊन चढलं, नराची फुलं कोमेजली की पोरी काय करायच्या — फूल न घासताच दोरा बांधून टाकायच्या. दोरा दिसला की काम झालं. आमची मुकादमीण सुंदरकाकू, कमरेवर हात ठेवून ओळीतून फिरायची आणि म्हणायची, "काहो पोरीहो, लगन लावून राह्यल्या का नुसताच मांडव टाकून राह्यल्या?" आम्ही तोंडात ओढणी कोंबून हसायचो. मीही नुसते मांडव टाकलेत. सगळ्याच टाकत, असं लिहिणार होते — पण सगळ्यांचं मला काय करायचं आहे? मी टाकले.

पाठक मॅडम त्या प्लॉटवर बघायला आल्या होत्या. त्या तेव्हा आमच्या भागात कापसावर काम करत. माझ्या ओळीत बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, पकडलं. पण त्या म्हणाल्या, "नाव काय तुझं? रंजना? हात छान आहे गं तुझा." एवढंच. आणि पुढे त्यांची बदली त्या डोंगरातल्या बागेत झाली तेव्हा त्यांनी निरोप धाडला — पोरीला माझ्याकडे पाठवा, माझ्या आईला सोबत होईल, आणि फुलांच्या दिवसांत बागेत काम करेल. मायनं दोन दिवस शेजारणींना विचारून बघितलं. मग म्हणाली, "जाय. इथं राहून तरी काय करशीन?"

त्या बाईंचे उपकार मी कसे मोजू? त्यांनी मला स्वतःच्या घरात झोपायला खोली दिली. मला इंग्रजी अक्षरं शिकवली, चिठ्ठीवर झाडाचं नाव लिहिता यावं म्हणून. माझ्या भावाची फी भरली, आणि त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. मी आजही त्यांचा आवाज फोनवर ऐकला की उभी राहते. हे सगळं खरं आहे. म्हणूनच जास्त वाईट आहे.

बागेत बुधराम चाचा होते. गावातलेच, उतारवयाचे, डोक्यावर हिरव्या पट्टीची पहाडी टोपी. फुलांची भुकटी — म्हणजे पराग, ज्यानं फळ धरतं — ती काढणं, वाळवणं, काचेच्या लहान शिशांत भरणं हे त्यांचं काम. मी पहिल्या हिवाळ्यात गेले तेव्हा माझ्याकडे एक स्वेटर आणि मायची शाल. पायांची बोटं सुजून लाल झाली, खाजू लागली. मला वाटलं, रोग लागला. चाचांनी घरून लोकरीचे मोजे आणले, चाचीनं विणलेले, आणि माझ्यासमोर टाकून म्हणाले, "पहन ले, कपास. तू यहाँ की फसल नहीं है." तेव्हापासून मी कपासच. सगळ्या बागेत कोणी मला रंजना म्हणत नसे. "ए कपास, चाय बना." "कपास, आज धूप है, बाहर निकल, फूट जाएगी." मी चिडायची. मग चिडायचं सोडून दिलं, कारण घरापासून इतक्या दूर आपल्याला कोणीतरी नाव देतं, ही गोष्ट साधी नाही.

मॅडमचं काम काय होतं ते आता सांगायलाच हवं. डोंगरात नासपतीला नाख म्हणतात. एक जात मऊ, तोंडात ठेवली की विरघळते, पण पेटीत घातली की चार दिवसांत आतून काळी. दुसरी टणक, महिनाभर टिकते, पण खाताना दाताखाली रेती आल्यासारखी कचकच. मॅडमला एकाच फळात दोन्ही हवं होतं — मऊही आणि टिकाऊही. "रंजू, असं फळ, जे इथून ट्रकमध्ये बसून तुझ्या राळेगावला जाईल आणि तरी गोड लागेल," असं त्या म्हणायच्या. त्यासाठी मऊ जातीचं झाड आई, आणि बाप म्हणून परदेशातली एक टिकाऊ जात. तिचं झाड आमच्याकडे नव्हतंच. फक्त तिची भुकटी आली होती, मॅडमनी किती जणांना विनवण्या करून आणवलेली. एक शिशी. करंगळीएवढी. तोंडाला कापसाचा बोळा.

माणसाच्या पोराचं असतं तसंच झाडाचं, मॅडम सांगायच्या. एकाच आईबापाची शंभर पोरं, शंभर तऱ्हेची. एखाद्यालाच दोघांचं चांगलं तेवढं मिळतं. ते एक शोधायला बाकीची सगळी वाढवावी लागतात, आणि नासपती काही कपाशीसारखी एका हंगामात हिशेब देत नाही. बी लावलं की पहिलं फळ बघायला पाचसहा वर्षं, कधी आणखी जास्त. म्हणून बाप कोण हे पक्कं माहीत पाहिजे. बाप चुकला तर त्या सगळ्या वर्षांना काही अर्थ नाही.

हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

ते माझं तिथलं पहिलंच फुलांचं वर्ष. कळ्या फुगल्या होत्या, आणि अचानक गारा पडल्या, वरच्या अंगाला बर्फ. वीज गेली ती येईना. शिशा ज्या फ्रीजमध्ये ठेवत तो बंद. मॅडम दिल्लीला बैठकीला. चाचांच्या भावकीत कोणी वारलं, त्यांना खाली गावात जाणं भाग होतं. त्यांनी ती शिशी एका घट्ट झाकणाच्या बरणीत घातली. बरणीत निळे खडे असत, ओल ओढून घेणारे. ओल प्याले की गुलाबी होतात. ती बरणी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बाहर बरफ में दबा के रखना. ढक्कन मत खोलना. समझी, कपास?" मी मान हलवली.

मी बरणी बर्फात ठेवली. खरंच ठेवली होती. मग खिडकीतून बघत बसले. बाहेर पांढरं पांढरं सगळं, माझ्या पायांची बोटं ठणकत होती, आणि माझ्या मनात आलं — ही एवढीशी भुकटी, जिवंत आहे म्हणतात, ती या गारठ्यात मरून जाईल. तुम्ही आमच्याकडच्या उन्हात वाढला असाल तर कळेल. आमच्याकडे ऊन कितीही तापलं तरी त्यात बी रुजतं. थंडीनं मात्र पानं काळी पडतात, तुरीचा फुलोरा गळतो. थंडी म्हणजे नुकसान, एवढंच मला ठाऊक. मी बाहेर जाऊन बरणी आणली. झाकण उघडलं. शिशी काढली आणि शालीत गुंडाळून छातीशी धरली, लहान मूल धरतात तशी. लाकडाच्या शेगडीजवळ बसले. ऊब लागावी म्हणून. मला बरंही वाटलं. आपण कोणाला तरी जपतो आहोत असं.

डोळा लागला. उठले तेव्हा शिशीच्या आतून पाण्याचे थेंब. थंड काच एकदम उबेत आली की तसं होतं, हे मला नंतर कळलं. भुकटी पिठाच्या गोळीसारखी काचेला चिकटलेली. बरणीतले खडे गुलाबी.

इथपर्यंत चूक होती, नाही का? चूक माणसाकडून होते. मॅडम रागावल्या असत्या, रडल्याही असत्या कदाचित, आणि मग म्हणाल्या असत्या, पुढच्या वर्षी बघू. मला त्यांनी परत पाठवलं असतं का? तेव्हा वाटलं, पाठवतील. राळेगावच्या फाट्यावर मी पिशवी घेऊन उतरते आहे आणि माय नुसती बघते आहे, हे मला स्पष्ट दिसलं. आज वाटतं, नसतं पाठवलं. पण हे आजचं वाटणं कोणाच्या कामाचं?

रसोईच्या मागे एक जुनं नाखाचं झाड होतं. कोणी लावलेलं नाही, आपोआप उगवलेलं, बागेच्याही आधीचं. फळ दगडासारखं. लोणच्याला किंवा गुरांना. गारांच्या माऱ्यातून त्याच्या भिंतीकडच्या फांद्या वाचल्या होत्या. मी तिकडे गेले आणि फुगलेल्या कळ्या खुडल्या, ओच्यात भरल्या. नासपतीच्या फुलाला मासळीसारखा वास येतो, माहीत आहे? दिसायला इतकं पांढरंशुभ्र, आणि वास तो. माझ्या शालीला तो वास कितीतरी दिवस राहिला. लवकर फुलणाऱ्या एका झाडाची भुकटी काढताना चाचांना त्याच आठवड्यात बघितलं होतं, तसंच केलं. कळ्यांतले लालसर दाणे नखानं काढले, कागदावर पसरले, शेगडीच्या उबेला ठेवले. दाणे फुटून पिवळी भुकटी सुटली. शिशी धुतली, सुकवली, भरली. कापसाचा बोळा. मग ते गुलाबी खडे तव्यावर भाजले, परत निळे होईपर्यंत. हलवत होते मी ते, शेंगदाणे भाजावे तसे.

तव्यावर खडे भाजणाऱ्या पोरीला तुम्ही घाबरलेली म्हणाल का? एकही खडा मी जळू दिला नाही.

चाचा परतले, बरणी बघितली, निळे खडे बघितले, म्हणाले, "शाबाश." मॅडम आल्या. ऊन पडलं. मी शिडीवर चढून मऊ जातीच्या झाडावर, एकेका फुलाच्या पाकळ्या खुडून, बोटानं ती भुकटी लावली, वरून कापडी पिशव्या बांधल्या. खाली चाचा शिडी धरून उभे. फार मन लावून केलं. एकही दांडा मोडला नाही. सुंदरकाकू असती तर म्हणाली असती, लगन लावलं पोरीनं. नवरा कोण, हे तिनंही विचारलं नसतं.

मग वर्षं गेली. बी काढलं, रोपं झाली, लवकर फळ यावं म्हणून त्यांच्या काड्या मोठ्या झाडांवर कलम केल्या. बरीचशी पोरं बापावर गेली — कचकच. मॅडम चाखायच्या, थुंकायच्या, मान हलवायच्या. आणि मग त्या एका फांदीवर ते फळ आलं. तोडून ठेवलं, पिकू दिलं. नासपती झाडावर पिकवत नाहीत, आतून सडते. कच्ची तोडून घरात ठेवायची. मॅडमनी सुरी लावली तर रस हातावरून कोपरापर्यंत. कचकच औषधालाही नाही. दुसरी फळं पेटीत ठेवली, ती महिना उलटला तरी तशीच. मॅडमनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. चाचांनी फोड खाल्ली, पांढरा गर बघितला आणि म्हणाले, "यह तो कपास है." तेच नाव राहिलं. कागदावर तिला नंबर होता, पण बागेत सगळे म्हणत, कपासवाली नाख.

त्या वर्षी मी घरी गेले तेव्हा पेटी घेऊन गेलते. नागपूरपर्यंत रेल्वे, पुढे एस.टी., मांडीवर पेटी. मायनं फोड तोंडात टाकली, डोळे मिटले. म्हणाली, "माये, हे तर लोण्यावानी हाय. तूच केली?" मी म्हटलं, हो. शेजारणी आल्या, त्यांनाही दिली. सगळ्या म्हणत होत्या, पोरीनं नाव काढलं. मला एक फोड गिळवली नाही. मायनं बघितलं. "काहून खाऊन नाही राह्यली?" मी म्हटलं, तिथं रोजच खातो.

इथे तुम्ही म्हणाल, मग झालं ते चांगलंच झालं. मीही किती वर्षं हेच म्हणत होते स्वतःशी. परदेशी बाप असता तर हे फळ आलंच नसतं. जसं काही मी शेगडीजवळ बसून तेच ठरवलं होतं.

मॅडम काय करत होत्या ते ऐका. एक फळ पुरत नाही. त्याची भावंडं हवीत, आणखी रोपं, थोडं मोठं, थोडं लवकर येणारं. म्हणून त्यांनी तीच आई आणि तोच परदेशी बाप — म्हणजे त्यांना वाटत होता तो बाप — पुन्हा जुळवला. परत भुकटी मागवली. दर वसंतात. शिडीवर मीच. आता खरी भुकटी, खरं लगन, आणि पोरं एकजात दुबळी, रोगट, पेटीत सडणारी. मॅडम म्हणायच्या, "एकदा दिलंस ना झाडा, पुन्हा का देत नाहीस?" झाडाशी बोलायच्या अशा. मी खाली बघायची. त्यांचे केस त्या वर्षांत पांढरे झाले. मी म्हणू शकत होते की बाप तो नाही, बाप रसोईमागे उभा आहे. चार शब्द. दरवर्षी मनात आणायची, पुढच्या फुलांआधी सांगू.

मग रसोई वाढवायचं निघालं आणि ते झाड आडवं आलं. कोणालाच त्याची किंमत नव्हती. चाचांनीच कुऱ्हाड घेतली. मी भांडी घासत होते, खिडकीतून दिसत होतं. तसं झाड दुसरं कुठेच नव्हतं, कलम नाही, फांदी नाही. त्या सबंध डोंगरात ते झाड कोण आहे हे एका माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस भांडी घासत होतं. एक काडी मागून घेतली असती तरी चाललं असतं. कलम करायला मला येत होतं. चाचांनी विचारलंही नसतं, कायला हवी. नाही घेतली. घेतली असती तर कोणीतरी विचारेल, याची भीती. त्या हिवाळ्यात त्याच लाकडावर मी चहा केला.

आता येते मी. आता आडवाट नाही.

जात सरकारदरबारी नोंदवायची तर आता पानाची तपासणी होते. पान प्रयोगशाळेत गेलं की आईबाप कळतात. तिकडून फोन आला — आई बरोबर, बाप तो नाही. कोणतं तरी इथलंच गावठी नाख. मॅडम फोन धरून बसूनच राहिल्या. ज्या बापाबद्दल त्यांनी इतकी वर्षं लिहिलं होतं, सभांमध्ये सांगितलं होतं, तो बापच नव्हता. लोक हसले असणार. त्यांनी मला ते कधी सांगितलं नाही.

विचारणा सुरू झाली. शिशी कोणाच्या ताब्यात? चाचांच्या. चाचा आठवू लागले. शिकाऊ पोरांचा हात बसावा म्हणून ते दरवर्षी रसोईमागच्या झाडाचीही भुकटी काढत, तसल्याच शिशांत ठेवत. पण त्यांना ती गारांची गोष्टही आठवली. चहा पिता पिता, हसतच म्हणाले, "कपास, उस बार डब्बा तेरे पास था ना? तूने खोला तो नहीं था?"

विचारलं होतं हो मला. सरळ, समोर बसून. दार उघडून धरावं तसं.

मी म्हटलं, "नहीं चाचा. आपने जैसा दिया, वैसा वापस किया."

आणि एवढ्यावर थांबले नाही. न बोलणं वेगळं, हे वेगळं. त्याच संध्याकाळी मॅडमना मी आपण होऊन सांगितलं — त्या साली चाचांना नीट दिसत नव्हतं. मोतीबिंदू होता, ऑपरेशन नंतर झालं. शिशीवरची चिठ्ठी ते डोळ्याजवळ नेऊन वाचायचे. मोतीबिंदू खरा होता. चिठ्ठी डोळ्याजवळ नेणंही खरं. खोटं एवढंच होतं की मी ते कशासाठी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "हो गं. बरोबर. मला कसं सुचलं नाही." त्यांना सुटल्यासारखं झालं. कारण सापडलं की माणसाला बरं वाटतं. मी त्यांना कारण दिलं. उपकार फेडल्यासारखं वाटलं — लिहिताना लाज वाटते, पण क्षणभर खरंच तसं वाटलं.

चाचांना मॅडमनी हळुवारपणेच विचारलं, डोळ्यांबद्दल. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा ते उभे होते, टोपी हातात. मी त्यांना टोपीशिवाय कधी बघितलंच नव्हतं. केस इतके विरळ झालेत हे मला माहीत नव्हतं. त्यांनी हात जोडले. म्हणाले, "मॅडम, मुझे तो याद नहीं. पर मुझसे ही हुआ होगा. और किससे होगा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझपे शक किया, कपास. बुरा मत मानना."

मी चहा ठेवला आणि बाहेर आले.

त्यांना कोणी काढलं नाही. पण त्यानंतर त्यांनी शिशीला हात लावला नाही. म्हणायचे, मेरी नजर का भरोसा नहीं. ऑपरेशन होऊन डोळे लख्ख झाले होते, तरी. गवत कापायचे, शिडी धरायचे. मला कपास म्हणणं बंद केलं नाही, हेच मला सोसत नव्हतं. ते बागेत येईनासे झाले, मग आजारी पडले, मग गेले. फ्रीजची किल्ली तेव्हापासून माझ्याकडे. मॅडम निवृत्त होऊन पुण्याला गेल्या. फोन करतात, विचारतात, कपासवाली कशी आहे? मी सांगते, बहर चांगला आहे.

चाची दर शरदात येते, परसातले अक्रोड घेऊन. परवा आली होती. पायरीवर बसते, गुडघे चोळते, अक्रोड माझ्या ओच्यात ओतते. आणि जाताना दरवेळी विचारते, तसंच विचारलं, "बेटी, मॅडम ने उनको माफ़ तो कर दिया था ना? जाते-जाते वही पूछते रहे."

मी म्हटलं, "हाँ चाची. कर दिया था."

ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून उतरून गेली.